पर्समधलं पिस्तूल

नेल्डा बर्कहॉल्टरच्या पर्समध्ये काय नव्हतं ते विचारावं. कंगवे, चिमटे, केसांच्या जाळ्या, रोलर, कात्र्या, पेपरमिंटच्या गोळ्या, चर्चची जुनी पत्रकं, आणि या सगळ्या पसाऱ्याच्या तळाशी नवऱ्याचं पिस्तूल. भरलेलं.

नवरा, रॉइस, दोन वर्षांपूर्वी गेला होता. नेल्डा साठी ओलांडलेली, अंगानं भरलेली, बोलघेवडी बाई. ज्या म्हाताऱ्यांना गावातल्या पार्लरपर्यंत येणं होत नाही, त्यांच्या रँचवर जाऊन ती त्यांचे केस कापायची, धुवायची, कुरळे करून द्यायची. टेक्सासच्या त्या कोरड्या, सपाट भागात एका रँचपासून दुसरीपर्यंत जाताना कधी कधी तासभर माणूस दिसत नाही. मागच्या हिवाळ्यात एका गुरांच्या फाटकापाशी दोन पुरुषांनी आपली गाडी तिच्या गाडीपुढं आडवी लावली होती. काही बोलले नाहीत, उतरलेही नाहीत. नुसते काचेतून बघत बसले आणि मग हसत हसत निघून गेले. नेल्डाला त्या रात्री झोप लागली नाही. सकाळी तिनं रॉइसच्या कपाटातून पिस्तूल काढलं, पर्समध्ये टाकलं, आणि तिच्या लेखी तो विषय तिथंच संपला.

तो खरं म्हणजे कुठं संपला होता, हे तिला कळलं मॉरीन ओडमच्या स्वयंपाकघरात.

मॉरीनबाई ऐंशीच्या पुढच्या. जिल्ह्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीवर त्यांनी उभी हयात पहारा केलेला. आता खुब्याचं हाड मोडल्यापासून चाकाच्या खुर्चीत होत्या, पण आवाज अजून बराकीतलाच होता. त्यांनी "बस" म्हटलं की त्यांचा कुत्रा बसायचा आणि शेजारी उभा असलेला माणूसही बसायचा.

त्या दिवशी केस धुऊन झाले होते. खांद्यावर टॉवेल टाकून मॉरीनबाई टेबलाशी बसल्या होत्या आणि नेल्डा पाद्रीबुवांच्या नव्या बायकोबद्दल सांगत होती.

"म्हणजे बघा, चर्चच्या जेवणाला तिनं विकतचं बटाट्याचं सॅलड आणलं. विकतचं! डब्यावरची चिठ्ठीसुद्धा काढली नव्हती."

"मग? खाल्लंस की नाही?"

"दोनदा घेतलं. तो मुद्दा नाहीये."

असं बोलता बोलता तिनं न बघताच टेबलावरच्या पर्समध्ये हात घातला. तिला तो लांब लोखंडी शेपटीचा कंगवा हवा होता. तो हाताला लागला, पण वर येईना. कशात तरी अडकला होता. नेल्डानं एक हिसका दिला.

"नेल्डा."

मॉरीनबाईंचा आवाज चढला नव्हता. उलट खाली आला होता. नेल्डाचा हात जागच्या जागी थांबला.

"काय झालं?"

"ओढू नकोस. हात आहे तिथंच राहू दे. आता हळूच खाली बघ."

नेल्डानं पाहिलं. केसांच्या जाळीत गुंडाळलं गेलेलं पिस्तूल पर्सच्या तोंडातून अर्धं बाहेर आलं होतं. कंगव्याची शेपटी सरळ त्याच्या घोड्याच्या कडीत शिरली होती, घोड्याच्या पुढून. आणि नळी रोखलेली होती मॉरीनबाईंच्या टॉवेलवर, पोटाच्या जरा वर.

"अरे देवा," नेल्डा म्हणाली. "अरे देवा, अरे देवा..."

"देवाला नंतर बोलव. दुसऱ्या हातानं पर्स धर. त्या दगडी चुलाण्याकडं वळव. हळू. अजून थोडी. बास. आता कंगवा सोड."

नेल्डानं सोडला. बोटं उघडायला तिला कष्ट पडले. मॉरीनबाईंनी खुर्चीची चाकं फिरवली, जवळ आल्या, पर्स चुलाण्याच्या दगडाकडंच ठेवून त्यांनी जाळी सोडवली, कंगवा आल्या वाटेनं हळूच मागं काढला, गोळ्यांचं मॅगझिन खाली ओढलं आणि पिस्तुलाचा वरचा भाग मागं खेचला. नळीतली गोळी टेबलावर पडली आणि साखरेच्या भांड्याला लागून थांबली.

"नळीत गोळी," मॉरीनबाई म्हणाल्या, "आणि घोड्यावर पेपरमिंटचा कागद. वा गं पोरी."

एकसष्टाव्या वर्षी तिला कुणी पोरी म्हटलेलं ऐकून नेल्डाला एरवी हसू आलं असतं. ती मटकन खुर्चीत बसली आणि रडायला लागली. आपण या बाईला मारलं असतं. सॅलडच्या गप्पा मारता मारता, ओल्या केसांनिशी.

"नंतर रड. आधी माझे केस पुरे कर. डोकं गार पडलंय माझं."

नेल्डानं केस पुरे केले. एका बाजूचा कुरळेपणा जरा जास्तच आला. मॉरीनबाईंनी आरशात पाहिलं आणि काही बोलल्या नाहीत. त्यांच्या मानानं ही मोठीच दया होती.

"मी ते नदीत फेकून देते," निघताना नेल्डा म्हणाली.

"कुठल्या नदीत? या जिल्ह्यात पाणी आहे का कुठं?"

"तुम्ही चेष्टा करू नका हो."

"चेष्टा नाही करत. हे बघ, ठेवायचं की नाही ते तुझं तू ठरव. नको वाटत असेल तर शेरीफकडं नेऊन दे, तुला कुणी भित्री म्हणणार नाही. पण ठेवणार असशील तर नीट ठेव. आज इथं झालं ते 'ठेवणं' नव्हतं. कचऱ्याच्या बादलीत साप पाळणं होतं ते."

नेल्डा दोन दिवस विचार करत राहिली. ते फाटक आठवलं, ते दोन पुरुष आठवले. मग मॉरीनबाईंचा टॉवेल आठवला. तिसऱ्या दिवशी ती कंगवे न घेताच मॉरीनबाईंच्या दारात उभी राहिली.

"शिकवा मला," ती म्हणाली.

"मला वाटलंच होतं तू येशील. कॉफी टाक आधी."

शिकवणी सुरू झाली ती नेल्डाच्या विजारीवरून.

"हे काय घातलंयस?"

"विजार. सुखाची असते."

"इलॅस्टिकची आहे. यावर पिस्तूल लावलंस तर चर्चमध्ये उभी राहताना दोन्ही खाली येतील. पट्टा लागेल. चामड्याचा, जाड, ताठ."

"मी जन्मात पट्टा लावला नाही हो! कमर कुठं आहे ते शोधावं लागेल."

"शोध."

गावातल्या खोगीरवाल्यानं तिच्या मापाचा पट्टा करून दिला. माप घेताना तो बिचारा भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होता. मग पिस्तूल खोचायच्या म्यानाचा प्रश्न आला. नेल्डानं मोठ्या आशेनं रॉइसचं जुनं चामडी म्यान आणलं. त्याच्या कमरेच्या घामानं काळं झालेलं, हाताला लोण्यासारखं मऊ लागणारं. मॉरीनबाईंनी ते हातात घेतलं आणि अंगठ्यानं तोंड दाबलं. चामडं आत दुमडलं.

"बघ. पिस्तूल आत घालताना ही घडी बोटासारखी घोड्यावर दाबली जाईल. तू हात लावायचीही गरज नाही."

"रॉइसनं वीस वर्षं वापरलं हो हे."

"आणि रॉइसचं नशीब वीस वर्षं चांगलं होतं. ठेव घरात, आठवण म्हणून. तेवढ्यासाठी ते चांगलं आहे."

नेल्डाला लागलं ते, पण तिनं म्यान परत पिशवीत ठेवलं. नवं घेतलं ते कडक प्लास्टिकचं, नेमकं त्याच पिस्तुलाच्या साच्याचं. घोडा पूर्ण झाकणारं. आत घातलं की कट्ट असा आवाज यायचा आणि उलटं धरून हलवलं तरी बाहेर यायचं नाही.

त्यानंतर कितीतरी दुपारी त्या दोघी स्वयंपाकघरात बसल्या. पिस्तूल रिकामं, गोळ्या दुसऱ्या खोलीत. रिकामं आहे हे नेल्डानं बघायचं, मग मॉरीनबाईंनी बघायचं, मग नेल्डानं पुन्हा बघायचं.

"किती वेळा बघायचं?"

"कंटाळा येईपर्यंत. आणि मग एकदा."

झोकदार वेगानं पिस्तूल बाहेर काढण्यात मॉरीनबाईंना रस नव्हता. त्यांचा सगळा जीव ते परत आत ठेवण्यावर होता. शर्टाचा काठ बाजूला घ्यायचा, पूर्ण बाजूला. जाकिटाची नाडी म्यानात शिरत नाही ना ते डोळ्यांनी बघायचं. बोट नळीच्या कडेला लांब. मग सावकाश. "ठेवायची घाई कुणालाच नसते. तुला कुठं गाडी पकडायचीय? पायात गोळ्या मारून घेतलेली जेवढी माणसं मी पाहिली, ती सगळी ठेवताना." सगळ्यात बरं म्हणजे घरातच म्यानासकट पट्ट्यावर चढवायचं, त्यावर सैल अंगरखा घालायचा आणि दिवसभर त्याला विसरून जायचं. चाचपायचं नाही. नीट करायचं नाही. कुणाला दाखवायचं तर मुळीच नाही.

"आणि पडलं तर?"

"तर पडू दे."

"पडू दे?"

"या घडणीची पिस्तुलं पडल्यानं सहसा उडत नाहीत. झेलायला गेलीस तर बोट नेमकं घोड्यावर जातं. दूध उतू जाताना जशी झेप घेतेस ना, तशी इथं घ्यायची नाही. पडू दे, थांबू दे, मग उचल."

हे शिकवायला मॉरीनबाईंनी टेबलावरून लाकडी चमचे ढकलायला सुरुवात केली. गप्पांच्या मध्येच, न सांगता. नेल्डाचा हात दर वेळी झेप घ्यायचा. कुत्र्याला वाटलं हा आपल्यासाठी काढलेला खेळ आहे, आणि तो चमचे पळवायला लागला. काही आठवड्यांनी एक चमचा खाली पडला आणि नेल्डा बोलतच राहिली. मॉरीनबाईंनी टाळी वाजवली.

सगळ्यात जास्त हशा झाला तो बाथरूमच्या धड्याला. "खुंटीला टांगायचं नाही, टाकीवर ठेवायचं नाही," मॉरीनबाई म्हणाल्या. "आमची एक वॉर्डन होती. हॉटेलच्या बाथरूममध्ये ठेवलं आणि विसरून घरी गेली. नंतर एका शाळकरी मुलीला सापडलं. ती पोरगी शहाणी म्हणून बरं. म्यानातच राहू दे, विजारीबरोबर खाली जाईल, विजारीबरोबर वर येईल."

"माझी विजार कुठं असते यावर कुणी इतका विचार केला नव्हता कधी," नेल्डा म्हणाली, आणि दोघी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

दवाखाना, शाळा, जिथं न्यायला मनाई आहे तिथं जाताना ठेवायला तिनं गाडीत सीटखाली कुलपाची लोखंडी पेटी बसवून घेतली. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर जाऊन रीतसर वर्गही केला. पर्समध्ये आता फक्त कंगवे होते. पहिले काही दिवस पर्स हलकी लागायची आणि नेल्डाला चुकचुकल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला एका दुपारी ती हमरस्त्यावरच्या पंपावर पेट्रोल भरत होती. पर्स गाडीच्या टपाच्या पुढं, बॉनेटवर ठेवलेली. पलीकडच्या पंपावर एक बाई दोन लहान मुलींना आइस्क्रीम भरवत होती. कोपऱ्यावरून एक पोरगा चालत आला. हडकुळा, टोपी डोळ्यांवर. तो जवळून गेला, आणि गेला तेव्हा पर्स त्याच्या हातात होती.

"ए!" नेल्डा ओरडली. "ए, थांब!"

तो पळाला. नेल्डाचा हात तिला न विचारता अंगरख्याच्या काठाकडं गेला. तिला तो जाताना जाणवला. आणि त्याच वेळी तिला दिसली ती त्या पोराची पाठ. शर्ट फाटका होता, खांद्याची हाडं वर-खाली होत होती. त्याच्या हातात कंगवे होते. तो तिच्यापासून लांब चालला होता. त्याच्या पलीकडं त्या दोन मुली होत्या, एकीच्या हनुवटीवरून आइस्क्रीम ओघळत होतं.

नेल्डानं हात खाली घेतला आणि दोन्ही तळवे गाडीच्या गरम पत्र्यावर टेकवून उभी राहिली. पोरगा एका निळ्या गाडीत शिरला, गाडी गेली. त्या बाईनं पोलिसांना फोन केला आणि नेल्डाला थंड पाणी आणून दिलं.

"काका-काकूंच्या वयाच्या माणसांनाही सोडत नाहीत हो आता," ती म्हणाली.

"घेऊन काय करणार तो?" नेल्डा म्हणाली. "माझे रोलर आहेत त्यात. आणि पेपरमिंट."

शेरीफच्या ऑफिसातून ओर्नेलास नावाचा एक पोलीस आला. तरुण, शांत. त्यानं सगळं विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, पर्समध्ये एखादं हत्यार होतं का?"

"नाही," नेल्डा म्हणाली.

तिनं आयुष्यात बरीच उत्तरं दिली होती. लग्नाच्या वेळचं 'हो' दिलं होतं. पण या प्रश्नाला काही महिन्यांपूर्वी तिला 'हो' म्हणावं लागलं असतं. ती गाडीच्या पायरीवर बसली.

दुसऱ्या दिवशी ओर्नेलासचा फोन आला. पोरगा सापडला होता. पुढच्या गावात एका किराणा दुकानात शिरून त्यानं गल्ल्याला हात घातला. दुकानदार आणि त्याचा मेहुणा मध्ये पडले, तेव्हा त्यानं नेल्डाच्या पर्सनं त्यांना बडवायला सुरुवात केली. पर्स फुटली, दुकानभर रोलर पसरले, त्यावरून तोच घसरून पडला. पोलीस येईपर्यंत मेहुणा त्याच्या पाठीवर बसून राहिला. कुणाला खरचटण्यापलीकडं काही झालं नव्हतं.

"एकोणीस वर्षांचा आहे," ओर्नेलास म्हणाला. "कसल्याशा नशेत होता. हातात काही असतं तर त्यानं वापरलं असतं, मॅडम. मला त्याबद्दल जराही शंका नाही. काल रात्री घरी जाऊन मी बायकोला तेच सांगितलं."

नेल्डानं फोन ठेवला. तो दुकानदार, त्याचा मेहुणा, तो पोरगा. या तिघांपैकी एकालाही ती ओळखत नव्हती, आणि तिघंही आज सकाळी उठून नाश्त्याला काही ना काही खात असतील. तुरुंगातला नाश्ता वाईट असतो असं मॉरीनबाई म्हणायच्या, पण नाश्ता तो नाश्ता. ती स्वयंपाकघरात मोठ्यानं म्हणाली, "देवा, तुझे उपकार." आणि मग, देवाला राग येणार नाही अशा बेतानं, "आणि मॉरीनबाईंचे."

दुपारी ती रँचवर गेली आणि दारातूनच सगळं सांगायला लागली. ऐकून झाल्यावर मॉरीनबाईंनी फक्त विचारलं, "हात अंगरख्यापर्यंत गेला होता?"

"गेला होता."

"आणि परत आला."

"आला."

मॉरीनबाईंनी मान हलवली. मग म्हणाल्या, "काढायचं कसं, ते कुणीही शिकवतं गं." आणि त्या कुत्र्याला उगीचच रागावल्या.

"मी तुमच्यासाठी काय करू सांगा," नेल्डा म्हणाली. "तुम्ही मला त्या दिवशी हाकलून दिलं असतंत तरी चाललं असतं. मी तुमच्यावर बंदूक रोखली होती! तुम्ही मला कॉफी टाकायला सांगितलंत. आता तुम्ही मागाल ते मी करणार. लाजू नका."

"मी कधी लाजले?" मॉरीनबाईंनी विचार केला. "मला तो गोड पेकन-पाय खायचाय."

"करून आणते. उद्याच आणते."

"तुझ्या हातचा नको. तुझी पारी नेहमी चिवट होते. गुरांच्या लिलावाच्या बाजारात ते कॅफे आहे ना, तिथला. खुबा मोडल्यापासून मी या फाटकाबाहेर गेले आहे ती फक्त दवाखान्यात. दवाखान्यात पेकन-पाय मिळत नाही."

नेल्डा बघतच राहिली. इतके महिने ती या घरात येत होती, जगभरच्या गप्पा आणत होती, आणि बाईंना गप्पा नकोत, बाहेर जायचंय, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"आत्ता?" तिनं विचारलं.

"मग काय, मेल्यावर? पण आधी केस कर. बाजारात पुरुष असतात."

नेल्डानं केस केले. दोन्ही बाजू सारख्या. मग खुर्चीतून गाडीत चढवण्याचा मोठा सोहळा झाला. नेल्डा ढकलत होती, मॉरीनबाई हुकूम सोडत होत्या, कुत्रा दोघींच्या पायांत येत होता आणि शेवटी तोच आधी जाऊन सीटवर बसला.

लिलावाचा दिवस होता. कॅफेत शेणाचा, कॉफीचा आणि तळणाचा वास एकत्र झाला होता. भिंतीपलीकडून लिलाववाल्याची अखंड बडबड ऐकू येत होती. मॉरीनबाईंची खुर्ची आत आली आणि एका टेबलावरचे म्हातारे टोप्या काढून उभेच राहिले. एक जण म्हणाला, "मॉरीन! आम्हाला वाटलं तू गेलीस!"

"वाट बघत होतास वाटतं?" मॉरीनबाई म्हणाल्या.

नेल्डा खुर्चीवर टेकली. पट्टा पोटात जरा रुतत होता, कारण तो नेहमीच रुतायचा. एक ओळखीची बाई येऊन तिला कडकडून भेटली, तिचा हात नेल्डाच्या कमरेवरच्या कडक उंचवट्याला लागला असावा, पण नेल्डानं तो चाचपला नाही. पेकन-पाय आला. सोनेरी, वर अक्रोडासारख्या पेकनच्या बिया दाटीवाटीनं बसलेल्या, कडेला वितळणारं व्हॅनिला आइस्क्रीम.

मॉरीनबाईंनी पहिला घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले. त्या टेबलावरचे म्हातारे त्यांच्याशी एकदम बोलत होते, पलीकडं कुणाची तरी गाय विकली जात होती, आणि त्या डोळे मिटून नुसत्या चघळत होत्या. त्यांच्या ओठाच्या कोपऱ्याला पाक लागला होता. नेल्डानं रुमाल काढला, पण पुसला नाही. राहू दे, असं मनाशी म्हणाली. तिनं वाढणाऱ्या मुलीला हाक मारली आणि आणखी एक तुकडा मागवला.